'शॉन ऑफ द डेड' आणि कमी खर्चाची सबब

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कमी खर्चात तयार झालेल्या चित्रपटाविषयी लिहिताना आपल्याकडचे समीक्षक खर्चाचा उल्लेख ठरावीक दोन प्रकारे करतात. चित्रपट आवडला असेल तर एवढ्याशा पैशांत एवढे साधले म्हणून त्याची पाठ अधिकच जोराने थोपटली जाते, आणि आवडला नसेल तर निर्मात्यांपुढे अडचणी होत्या म्हणून त्याला सांभाळून घेतले जाते. दोन्ही वेळा एक प्रश्न मागे पडतो, तो म्हणजे पडद्यावर जे दिसते त्यातले किती पैशावर अवलंबून होते आणि किती लेखकाच्या विचारावर. हा प्रश्न एका ब्रिटिश विनोदी भयपटाच्या आधारे मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, पण चित्रपटाचे गुण आणि दोष दोन्ही नीट सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पटण्यासारखे नाही.

चित्रपट आहे 'शॉन ऑफ द डेड'. तो एप्रिल २००४ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन एडगर राइट यांचे, आणि पटकथा राइट व प्रमुख भूमिका करणारे सायमन पेग या दोघांची. खर्च सुमारे ४० लाख पौंड झाला. त्याच सुमारास अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांच्या १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड' या झोंबीपटाची (झोंबी म्हणजे मेल्यावर उठून जिवंतांना चावणारी प्रेते) नवी अमेरिकी आवृत्ती पडद्यावर आली होती आणि तिच्यावर याच्या कित्येक पट पैसा खर्च झाला होता. ब्रिटनमधल्या या चमूमागे चित्रपटांचा मोठा अनुभव नव्हता. १९९९ ते २००१ या काळात चॅनल फोरवर दाखवल्या गेलेल्या 'स्पेस्ड' या विनोदी मालिकेत पेग, राइट आणि निक फ्रॉस्ट यांनी एकत्र काम केले होते. त्यातल्या एका भागात रात्रभर व्हिडिओ गेम खेळलेल्या नायकाला जागेपणी झोंबी दिसू लागतात, आणि या चित्रपटाचे बीज तिथेच आहे. फिल्मफोर या संस्थेने २००२ मध्ये आपला पसारा आवरल्यावर प्रकल्प अडला आणि पुढे वर्किंग टायटल या संस्थेने तो उचलला. झोंबींच्या गर्दीसाठी त्या मालिकेच्या चाहत्यांना बोलावण्यात आले.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. उत्तर लंडनमध्ये राहणारा, २९ वर्षांचा, विजेच्या उपकरणांच्या दुकानात विक्रेता असलेला शॉन आयुष्यात कुठलाच निर्णय घेत नाही. घरातला सोफा अडवून बसलेला त्याचा बालमित्र एड (निक फ्रॉस्ट) कामधंदा करत नाही, आणि प्रेयसी लिझ (केट ॲशफील्ड) रोज संध्याकाळी त्याच त्या 'विंचेस्टर' नावाच्या पबमध्ये बसून कंटाळली आहे. ती त्याला सोडून जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातले मेलेले लोक उठून जिवंतांना चावू लागलेले असतात. आई, सावत्र वडील, लिझ आणि तिची दोन मित्रमंडळी यांना वाचवून सुरक्षित जागी न्यायचे, आणि ती जागा म्हणजे पुन्हा तोच पब, अशी शॉनची योजना आहे.

आता या चित्रपटाच्या बलस्थानांकडे येते. पहिले आणि सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे त्याची पटकथा. लिझ सोडून गेल्यावर एड 'विंचेस्टर'मध्ये बसून शॉनची समजूत काढतो आणि उद्याचा दिवस पिण्यात कसा घालवायचा याचा कार्यक्रम त्याला ऐकवतो. सकाळी उठल्याबरोबर ब्लडी मेरी, मग 'किंग्ज हेड'मध्ये दोन घास (इंग्रजीत 'बाइट', म्हणजे चावाही), 'लिटल प्रिन्सेस'मध्ये दोन पेग (इंग्रजीत 'कपल', म्हणजे जोडपेही), मग लटपटत परत इथे, आणि शेवटी बारवर शॉट्स. ऐकताना ही दारुड्याची बडबड वाटते, पण चित्रपटाची पुढची सगळी कथा याच क्रमाने घडते. सकाळी परसबागेत रक्ताने माखलेली जी तरुणी उभी असते तिचे नाव मेरी आहे, आणि शीर्षकांच्या वेळी सुपरमार्केटच्या काउंटरवर बसलेली तीच मुलगी आपण पाहिलेली असते. मग चावा घेतला जातो तो सावत्र वडिलांना, म्हणजे घरातल्या राजाला. त्यानंतर राजकन्या लिझ आणि तिच्याबरोबरचे जोडपे गाठले जाते. मग सगळे जण झोंबींचे सोंग घेऊन लटपटत पबपर्यंत पोहोचतात आणि बारवर टांगलेल्या रायफलीतून गोळ्या झाडल्या जातात. पहिल्यांदा चित्रपट पाहताना हे बहुधा कोणाच्याच ध्यानात येत नाही. दुसऱ्यांदा पाहताना मात्र आपल्याला सगळे आधीच सांगितले होते हे कळते आणि लेखकांविषयी आदर वाटतो. या प्रसंगाला लागले दोन नट, एक टेबल आणि दोन ग्लास.

कथेबाहेरचे संदर्भही असेच संयमाने आले आहेत. शॉनच्या आईचे नाव बार्बरा आहे, कारण रोमेरो यांच्या १९६८ च्या पहिल्या झोंबीपटातल्या तरुणीचे नाव तेच होते. आणि तो ज्या दुकानात काम करतो त्याला १९७८ च्या चित्रपटातले अभिनेते केन फोरी यांचे आडनाव दिलेले आहे. ज्याला हे ठाऊक नाही त्याचे काही अडत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी कथा थांबूनही राहत नाही. रोमेरो यांनाही हा मान आवडला असावा, कारण त्यांनी २००५ च्या आपल्या चित्रपटात राइट आणि पेग यांना झोंबींच्या छोट्या भूमिका दिल्या.

दुसरे बलस्थान शॉनच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच्या दोन फेऱ्यांमध्ये दिसते. पहिल्या दिवशी सकाळी तो घरातून निघतो, पदपथाच्या कडेला अडखळतो, भीक मागणाऱ्या माणसाला टाळतो, दुकानातल्या फ्रीजमधून शीतपेय काढतो आणि परत येतो; हे सगळे एका सलग शॉटमध्ये चित्रित केले आहे. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तोच सलग शॉट. फ्रीजच्या काचेवर रक्ताळलेल्या हातांचे ठसे आहेत, फरशीवर त्याचा पाय घसरतो, भिकारी आता जिवंत उरलेला नाही, आणि रात्रीच्या दारूची धुंदी न उतरलेल्या शॉनला यातले काहीही दिसत नाही. कुठल्याही मोठ्या चित्रपटात महामारीची सुरुवात दाखवायला कोसळत्या इमारती, पळणारी गर्दी आणि आकाशातली हेलिकॉप्टरे लागली असती. इथे एक गल्ली पुरली. पैसे नव्हते म्हणून गल्ली निवडली असेल, ते मी नाकारत नाही. पण गल्ली निवडल्यावर तिच्यातून दोनदा चालायचे, पहिल्या फेरीत प्रत्येक खूण पेरायची आणि दुसऱ्या फेरीत ती विद्रूप करून परत आणायची, हे पैशाच्या टंचाईने सुचत नाही.

शीर्षकांचा भागही याच विचारातून आला आहे. बसमध्ये पेंगणारे, रांगेत मोबाइलकडे बघत उभे असलेले, काउंटरवर यंत्रासारख्या वस्तू सरकवणारे लोक आपल्याला दिसतात, आणि यांना कोणी अजून चावलेले नाही. पुढे शॉन दूरदर्शन संचावर वाहिन्या बदलत राहतो तेव्हा एका वाहिनीवरचे अर्धे वाक्य दुसऱ्या वाहिनीवरच्या तुकड्याने पुरे होते आणि संकटाची बातमी आपल्यापुढे जुळत जाते. त्याच्यापुढे मात्र जुळत नाही. साथीचे कारण शेवटपर्यंत स्पष्ट केलेले नाही, आणि मला ते योग्य वाटते, कारण या कथेतल्या माणसांना ते कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

अभिनयाबद्दल मला दोनच नावे आवर्जून घ्यायची आहेत. सावत्र वडील फिलिप यांच्या भूमिकेतले बिल नाय आणि आईच्या भूमिकेतील पेनेलोपी विल्टन यांनी विनोदासाठी एकही रेघ जास्त ओढलेली नाही. मोटारीच्या मागच्या आसनावर बसून फिलिप मरण्यापूर्वी शॉनशी जे बोलतात तो प्रसंग कोणत्याही गंभीर कौटुंबिक नाटकात शोभला असता. आणि त्यानंतर, झोंबी होऊन उठल्यावर, हा माणूस सर्वांत आधी हात पुढे करून कर्कश वाजणारे संगीत बंद करतो! मेल्यावरही त्याचा स्वभाव शिल्लक राहिला आहे. या एका कृतीत विनोद आणि दुःख इतके एकजीव झाले आहेत की दोन्ही वेगळे करताच येत नाहीत. या प्रकारच्या चित्रपटाकडून मी जे मागते ते हेच.

पण चित्रपटभर हे सांभाळलेले नाही, आणि इथून त्याच्या उणिवा सुरू होतात. पहिली उणीव भयाची आहे. पूर्वार्धातली अस्वस्थता पार्श्वभूमीतून येते: पळत जाणारी रुग्णवाहिका, कोपऱ्यात कोसळणारा माणूस, अर्धवट ऐकू येणारी बातमी. परसबागेतल्या प्रसंगात शॉन आणि एड झोंबींवर ग्रामोफोनच्या तबकड्या फेकतात आणि कोणती फेकायची, कोणती ठेवायची यावर वाद घालतात. प्रसंग उत्तम लिहिला आहे, दोघांचे सगळे नाते त्या वादात आहे, पण तो संपतो तेव्हा आपल्याला एक गोष्ट कळून चुकलेली असते की या झोंबींपासून चालत चालतही सुटता येते. २००२ पासून पडद्यावर धावणारे झोंबी आले होते आणि या लेखकांनी जाणीवपूर्वक जुन्या संथ झोंबींची बाजू घेतली, याचे मला कौतुक आहे. मात्र रोमेरो यांच्या चित्रपटांत संथ झोंबी भयंकर वाटतात ते त्यांच्या संख्येमुळे आणि आत कोंडलेल्या माणसांच्या आपसातल्या भांडणांमुळे. इथे बराच काळ ना ती संख्या जाणवते, ना ते कोंडले जाणे. परिणामी मधल्या भागात विनोदाला समोरून कुणी टक्कर देत नाही आणि तो सैल पडतो. संख्या कमी होती ती पैशामुळे, असे कोणी म्हणेल. पण पहिल्या अर्ध्या तासात एकही गर्दी न दाखवता लेखकांनी भय निर्माण केलेच होते. तीच युक्ती पुढे का सोडली, याचे उत्तर खर्चाच्या आकड्यात सापडत नाही.

दुसरी उणीव शेवटच्या भागात, म्हणजे पबमध्ये सगळे कोंडले गेल्यावर आहे. सुरुवातीला क्वीन या ब्रिटिश बँडच्या गाण्याच्या ठेक्यावर बिलियर्डच्या काठ्यांनी पबच्या मालकाला बदडण्याचा प्रसंग येतो, आणि संकलनाची ती कसरत रंगतदारही आहे. मग आईला झालेला चावा उघड होतो, ती मरते, उठते, आणि शॉनला स्वतःच्या हाताने तिच्यावर गोळी झाडावी लागते. पेग आणि विल्टन यांनी तो प्रसंग इतका खरा केला आहे की प्रेक्षक हसायचे विसरतो. त्यानंतर थोड्याच वेळात लिझबरोबरच्या जोडप्यातला डेव्हिड खिडकीतून ओढला जातो आणि त्याचे आतडे बाहेर काढण्याचे सविस्तर दर्शन घडवले जाते, जुन्या झोंबीपटांना वाहिलेला नमस्कार म्हणून. माझ्या मते इथे तोल गेला. आईच्या मरणाचा ठसा उमटायला वेळच मिळत नाही, आणि डेव्हिडचे मरण आईच्या मरणानंतर लगेच आल्यामुळे विनोद म्हणून घेता येत नाही. फिलिप यांच्या प्रसंगात जे एकजीव झाले होते ते इथे नुसते एकापाठोपाठ एक ठेवले आहे. शेवटी लष्कर येऊन सुटका करते, तीही अगदी वेळेवर. इतकी बारीक पेरणी करणाऱ्या लेखकांकडून एवढ्या आयत्या सुटकेची अपेक्षा नव्हती.

तिसरी उणीव मला सर्वांत गंभीर वाटते, आणि ती स्त्री पात्रांची आहे. लिझची तक्रार पूर्णपणे रास्त आहे. जेवणासाठी टेबल राखून ठेवायचे सांगितले तर शॉन विसरतो. आपल्या आईशी तिची नीट ओळखही करून देत नाही. एडला घरातून हलवत नाही. चित्रपट हे सगळे मान्य करतो, तिला ते स्पष्ट शब्दांत बोलूही देतो. पण त्यानंतर तिच्याकडे दुसरे काही काम उरत नाही. ती शॉनच्या मागे चालते, घाबरते, आणि अखेरीस त्याच्याकडे परत येते. ती काय काम करते, तिला आयुष्यात काय हवे आहे, पबव्यतिरिक्त संध्याकाळ कुठे घालवायला तिला आवडेल, यातले काहीही आपल्या लक्षात राहण्याइतके दिसत नाही. एडच्या खोडकरपणाचे, डेव्हिडच्या मत्सराचे, घरातला तिसरा भाडेकरू पीट याच्या संतापाचे बारकावे ज्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्यांनी नायिकेला मात्र कारणापुरती ठेवली.

याचा परिणाम थेट शेवटावर होतो. सहा महिन्यांनंतर लिझ शॉनच्या घरात राहते आहे. सुट्टीचा दिवस कसा घालवायचा याचा दोघे बेत करतात, आणि तो बेत पब, दूरदर्शन आणि झोप यांच्यापलीकडे जात नाही. झोंबी झालेला एड परसातल्या खोपटात साखळीला बांधलेला असून तिथे शॉन त्याच्याबरोबर व्हिडिओ गेम खेळतो. म्हणजे ज्या आयुष्याला कंटाळून लिझ निघून गेली होती त्याच आयुष्यात ती परत आली आहे. हाच तर या शेवटाचा उपहास आहे, माणूस एवढ्या संकटातूनही बदलत नाही हेच लेखकांना दाखवायचे आहे, असा बचाव मी ऐकला आहे. तो बचाव शॉनपुरता मला मान्य आहे. शॉन बदलला नाही हे विनोदी आहे आणि खरेही आहे. पण लिझ का बदलली? तिने आपली मागणी का सोडली? याचे एकही कारण पटकथेत नाही, आणि कारण नसताना पात्र वळवणे हा उपहास नसून लेखनातली पळवाट आहे.

एक छोटी गोष्ट आपल्या वाचकांना कदाचित अधिक जाणवेल. कोपऱ्यावरचा दुकानदार भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबातला आहे. अशी दुकाने लंडनच्या वस्त्यांची जुनी ओळख आहेत आणि तिथल्या अनेक भारतीयांच्या कष्टाचा इतिहास त्यांच्याशी जोडलेला आहे. उत्तर लंडनसारख्या बहुरंगी भागात घडणाऱ्या या कथेत पहिल्या दिवशी गल्ल्यावर आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर झोंबी म्हणून दिसण्यापुरतेच त्याचे स्थान आहे, आणि शॉनने वाचवायला निघालेल्या मंडळींत त्याच्यासारखे कोणी नाही. यात वाईट हेतू आहे असे मी म्हणत नाही. पण आजूबाजूच्या माणसांकडे न बघणारा नायक हा ज्या चित्रपटाचा विषय आहे, त्यानेच या शेजाऱ्याकडे थोडे अधिक पाहायला हवे होते.

आता पहिल्या मुद्द्याकडे येते. या चित्रपटाने जगभर ३ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले, ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाच्या नामांकनात स्थान मिळवले, आणि त्याच मंडळींनी २००७ आणि २०१३ मध्ये आणखी दोन चित्रपट करून तीन चित्रपटांची ही मालिका पुरी केली. वर सांगितलेले गुण पाहिले तर ते पटकथेचे, संकलनाचे आणि पात्रनिवडीचे आहेत. दोष पाहिले तर तेही पटकथेचेच आहेत. लिझला दोन चांगले प्रसंग लिहिण्यासाठी अधिक पौंड लागले नसते. आई आणि डेव्हिड यांच्या मृत्यूंमध्ये अंतर ठेवायलाही लागले नसते. म्हणून खर्च कमी होता एवढ्यावरून चित्रपटाला ना बक्षिसाचे गुण द्यावेत, ना सवलतीचे.

हे आपल्याकडे सांगणे गरजेचे वाटते, कारण मराठीतही विनोदी भयपटाचा हा प्रकार आता रुजतो आहे. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली'त झोंबींना थेट डोंबिवलीत आणले आणि पाण्याचा प्रश्न, उंच इमारती आणि शेजारची झोपडपट्टी यांतील दरी यांना त्या कथेत जागा दिली. कल्पना पूर्णपणे इथल्या मातीतली होती. त्या चित्रपटाविषयी मी जे लिहिलेले वाचले त्यात मराठीत झोंबी पहिल्यांदाच आले याचे अप्रूप आणि रंगभूषा एवढ्या खर्चात चांगली जमली याचे समाधान यांनीच बहुतेक जागा व्यापली होती. शहराच्या पाण्याचा धागा शेवटापर्यंत टिकला का, विनोद आणि भय यांची वाटणी कुठे जमली आणि कुठे फसली, स्त्री पात्रांना स्वतःचे म्हणणे मिळाले का, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. ज्या दिग्दर्शकाने एवढे धाडस केले त्याचा आदर हे प्रश्न विचारण्यातच होता.

आपल्या पुरवणीत चित्रपटाच्या परीक्षणासोबत निर्मिती खर्च आणि पहिल्या आठवड्याची कमाई चौकटीत छापली जाते. त्याच चौकटीत पटकथाकाराचे आणि संकलकाचे नाव ठळकपणे यावे आणि परीक्षणात निदान एक परिच्छेद एखाद्या प्रसंगाची रचना कशी केली आहे यावर असावा, अशी माझी विनंती आहे. जमल्यास मराठी भयपट लिहिणाऱ्या पटकथाकारांना एका लेखमालेत बोलते करावे. एखादा प्रसंग कागदावर कसा होता, चित्रीकरणात कसा बदलला आणि संकलनाच्या टेबलावर त्यातले काय गळाले, हे त्यांच्याकडून वाचायला माझ्यासारखे अनेक वाचक उत्सुक असतील.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)